हजाराच्या नोटेवरचा म्हातारा

वलगावच्या किसनरावांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दाढी वाढवायला घेतली, तेव्हा गावाने आधी नवस धरला, मग वैराग्य धरलं आणि शेवटी म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडला असं ठरवून टाकलं. खरं कारण कुणालाच ओळखता आलं नाही, आणि ते येण्यासारखं नव्हतंही. किसनरावांना एका नोटेवरच्या राजासारखं दिसायचं होतं.

ही नोट त्यांच्या मधल्या मुलाने, भगवंतने, लढाईवरून आणली. भगवंत इटलीत पलटणीचे ट्रक चालवायचा. लढाई संपल्यावर सेहेचाळीस सालच्या पौषात तो घरी आला, तो एक कांबळं, एक दाढीचं सामान आणि ही नोट घेऊन. तिकडे स्लोवाकिया नावाच्या देशाचे शिपाई होते. जर्मनांनी त्यांना बंदुकांऐवजी फावडी देऊन खंदक खणायला आणलं होतं. त्यातला एक जण संधी साधून फावड्यासकट इकडच्या बाजूला पळून आला. भगवंतने त्याला चहा पाजला, सिगारेटचं पाकीट दिलं, आणि त्याने खिशातून काढून ही हजाराची नोट दिली. देताना तो फार खूश दिसत होता. यावरूनच किसनरावांनी ओळखायला हवं होतं की नोटेत काही राम नाही.

नेमक्या त्याच पौषात आपल्या सरकारने हजाराच्या नोटा रद्द केल्या. ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांची झोप उडाली. वलगावात तशी नोट एकाच्याही घरी नव्हती, त्यामुळे गावाने या विषयावर अगदी मोकळ्या मनाने चर्चा केली. मग किसनरावांकडे एक आहे असा बोभाटा झाला आणि सांत्वनाला माणसं येऊ लागली. बुडाली ती इंग्रजाची, ही दुसऱ्या सरकारची आहे, हिला काही धाड भरलेली नाही, असं किसनराव प्रत्येकाला चहा देऊन सांगत. त्या महिन्यात घरात साखर पुरली नाही.

नोट होती मात्र पाहण्यासारखी. ऐसपैस, मातकट रंगाची, एकावर तीन शून्यं ठसठशीत. आपल्या नोटेवर असतो तसा जॉर्ज बादशहा तिच्यावर कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक दाढीवाला म्हातारा राजा, त्याच्या भोवती तीन जवान मुलगे, आणि काड्या. त्या पळपुट्या शिपायाने हातवारे करून भगवंतला सांगितलं होतं ते असं, की राजाने मुलांना सुटी काडी मोडायला दिली, ती मोडली. मग काड्या एकत्र बांधून दिल्या, त्या मोडल्या नाहीत. तेव्हा एकत्र राहा.

ही गोष्ट किसनरावांना पाठ होती. शाळेत छड्या खाऊन त्यांनी ती वाचली होती. पण पुस्तकातलं वेगळं आणि नोटेवरचं वेगळं, असं त्यांचं पक्कं मत होतं. पुस्तकात कोल्हेसुद्धा बोलतात. सरकार मात्र हजाराच्या नोटेवर भलतंसलतं छापणार नाही. त्या अर्थी हा प्रयोग कुठेतरी खरोखर झाला असला पाहिजे आणि यशस्वी झाला असला पाहिजे. त्यांनी अमरावतीहून नोटेला चौकट करून आणली, ओसरीवर खिळ्याला टांगली आणि त्या दिवसापासून न्हाव्याला नुसत्या मिशा कापायला सांगितल्या.

कारण किसनरावांनाही तीन मुलगे होते, आणि त्या मुलांना वाटणी हवी होती.

थोरला चंद्रभान पन्नास एकरांची काळी जमीन एकट्याच्या जिवावर ओढत होता. निदान तो तसं दिवसातून दोनदा सांगायचा. कधी वखरायचं, कोणत्या वावरात काय पेरायचं, धाकट्याने नवं धोतर केव्हा घ्यायचं, सगळं तो ठरवायचा. धाकटा पंजाबराव अमरावतीला मॅट्रिक होऊन आला होता. त्याला शहरात सायकलींचं दुकान काढायचं होतं, आणि थोरल्याला विचारून धोतर घ्यायची त्याला लाज वाटायची. भगवंतचं म्हणणं एवढंच की पाच वर्षं मी हुकूम ऐकले, आता मले कोणी हुकूम देऊ नका. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार गडी बदलतात, शेतीचं नवं साल लागतं. त्याच्या आत वाटण्या व्हाव्यात, असं चंद्रभानने बापाला सांगून टाकलं होतं.

वाटणीचं नाव काढलं की किसनराव उठून गोठ्यात जायचे. त्यांची आणि धाकट्या भावाची, नत्थुजीची, वाटणी कोर्टात झाली होती. घरात मधोमध भिंत आली. बावीस वर्षं झाली. भिंतीपलीकडे नत्थुजी खोकला की इकडे किसनरावांना कळायचं, भावाला बरं नाही. पण विचारायला ते कधी गेले नाहीत, आणि याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आपली पोरं अशी भिंतीच्या दोन बाजूंना खोकत बसू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून चैत्रात दाढी छातीपर्यंत नाही तरी गळ्यापर्यंत आली, तेव्हा त्यांनी एके सकाळी तिन्ही मुलांना अंगणात बोलावलं.

कापूस वेचून झाला होता. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग गोठ्याशेजारी वाळत पडले होते. किसनरावांनी त्यातल्या वीस काड्या निवडल्या, सुतळीने घट्ट बांधल्या आणि नोटेची चौकट मागच्या खुंटीला दिसेलशी टांगली. आधी प्रत्येकाला एकेक काडी दिली. तिघांनी मोडली. पंजाबरावला पुढचं सगळं माहीत असल्यामुळे तो गोठ्याकडे बघत होता. मग किसनरावांनी राजासारखा हात उंचावून मोळी पुढे केली. इथे त्यांनी रीत पाळली आणि घात झाला. मोळी आधी थोरल्याला दिली. पंजाबरावला दिली असती तर गोष्ट निभावली असती, कारण त्याच्या हातांनी टाकापेक्षा जड काही उचललं नव्हतं. चंद्रभानने मोळी घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि काडकन दोन तुकडे केले. बापाचा अपमान करावा असं त्याच्या मनातही नव्हतं. तुकडे त्याने नीट चुलीपाशी नेऊन ठेवले, हात झटकले आणि आता वाटणीचं बोलायचं का, असं विचारलं.

दारात उभ्या असलेल्या गोदाबाईंना, म्हणजे किसनरावांच्या बायकोला, या सगळ्याचं नवल वाटलं नाही.

"चैतातली पऱ्हाटी हाय ते," त्या म्हणाल्या. "रोज अशीच गुडघ्यावर मोडून चुलीत घालावं लागते. तुमच्या त्या राजाच्या घरी चूल पेटवाले दुसरं कोनी असन."

किसनराव हरणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुरीच्या काड्या घेतल्या. त्या तिसऱ्या दणक्याला मोडल्या. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या ओल्या फांद्या तोडून आणल्या. ही मोळी कुणाच्या बापाला मोडेना. पण सुटी फांदीही मोडेना. पंजाबरावच्या तळहातात काटा गेला आणि गोष्टीचा पहिलाच अर्धा भाग खोटा ठरला. तेव्हा किसनरावांच्या लक्षात आलं की चूक आपल्या विचारात नाही, जिनसांत आहे. राजाने काहीतरी मोजून-मापून केलं होतं आणि ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी चौकट धोतराच्या फडक्यात गुंडाळली, बैलांची दमणी जुंपली आणि अमरावती गाठली.

अंबापेठेत मोरोपंत राहत. शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता, पंजाबरावलाही. आता ते पोस्टाची तिकिटं जमवायचे आणि त्यापायी देशोदेशीच्या अनोळखी माणसांना पत्रं लिहायचे. किसनरावांनी त्यांच्यापुढे चौकट ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. लाकूड कोणतं, काड्या किती, आणि सुतळी कशी बांधायची.

मोरोपंतांनी आयुष्यात पुष्कळ विद्यार्थी पाहिले होते, पण इतिहास इतक्या कामासाठी विचारणारा हा पहिलाच. त्यांनी चौकट उघडून नोट बाहेर काढली, भिंग घेतलं आणि उजेडाला बसून अर्धा तास ती वाचली. मग त्यांनी किसनरावांनाही भिंगातून बघायला लावलं. नुसत्या डोळ्यांना जी सावली वाटत होती, ती हजारो बारीक रेघांची बनलेली होती. रेघ कुठे जाड, कुठे केसाहून पातळ. नोट छापणाऱ्यांना दाढीवाले म्हातारे फार आवडतात, असं मोरोपंतांनी समजावलं. दाढीतली एकेक रेघ हुबेहूब उतरवता उतरवता खोट्या नोटा काढणाऱ्याचे डोळे जातात. गुळगुळीत गालाचं तसं नसतं.

राजाची निवड शहाणपणासाठी नसून दाढीसाठीही झालेली असू शकते, हे ऐकून किसनराव थोडे खट्टू झाले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. मोरोपंतांनी ते पाहिलं आणि सभ्य माणूस असल्याने ते दुसरीकडे बघू लागले. बाकीच्या प्रश्नांसाठी वाचनालयातले जाडे इंग्रजी ग्रंथ काढावे लागतील, चार दिवसांनी या, असं त्यांनी सांगितलं.

चार दिवस किसनरावांनी घरात कुणाला वाटणीचं बोलू दिलं नाही. मास्तर हिशोब काढून राहिले, एवढंच ते म्हणायचे. चंद्रभानला वाटलं, मोरोपंत जमीन मोजतात.

पाचव्या दिवशी किसनराव पुन्हा अंबापेठेत हजर झाले. मोरोपंतांपुढे कागद होता आणि चेहरा निकाल वाईट लागलेल्या मुलाच्या बापाशी बोलताना असायचा तसा झाला होता.

"राजाचं नाव स्वातोप्लुक," मोरोपंत म्हणाले. "हजार वर्षांपूर्वीचा. लाकूड कोणतं ते दिलेलं नाही. काड्या मात्र तीनच होत्या."

"तीनच?" किसनरावांना वीस काड्यांची सुतळी आठवली. "बरं. अन् मंग पोरं राह्यली ना सोबत?"

मोरोपंतांनी चष्मा काढून पुसला. "राहिली. एक वर्ष."

मग त्यांनी राहिलेलं सगळं सांगितलं, कारण अर्धवट इतिहास सांगण्याची त्यांना सवय नव्हती. वर्षभर मुलगे नांदले, मग एकमेकांवर उठले. भांडण बघून शेजारचे शत्रू आत घुसले आणि दहा-बारा वर्षांत राज्य धुळीला मिळालं. ज्या देशाने ही नोट छापली त्याचीही तीच गत. लढाईच्या तोंडाशी हिटलरने शेजारचा एक देश मोडला, तेव्हा त्याच्याच एका तुकड्यातून हिटलरच्या छायेत हा उभा राहिला. सहा वर्षं टिकला, आणि गेल्या साली लढाईबरोबर संपला. शेवटी शेवटी तिथे अशा नोटेवर सरकारी तिकीट डकवलं तरच ती चालायची, असं मोरोपंतांना तिकडच्या एका तिकिटं जमवणाऱ्याने पत्रात कळवलं होतं. आता तर तशीही चालत नव्हती.

किसनरावांनी बंडीच्या खिशातून एक आण्याचं तिकीट काढलं. पंजाबरावच्या सासऱ्यांना तेल्हाऱ्याला पत्र टाकायला घेतलेलं होतं. हे डकवलं तर, असं त्यांनी विचारून पाहिलं. मोरोपंतांनी नकारार्थी मान हलवली.

एक वर्ष नांदलेल्या भावांचं चित्र सहा वर्षं टिकलेल्या राज्याने हजारावर छापावं, यातली गंमत मोरोपंतांना केव्हाची खुणावत होती. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मोरोपंतांनी गंमत गिळली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. किसनराव घोटभर पाणी प्याले.

"त्यानं वाटनी करून देल्ली होती का?" किसनरावांनी विचारलं.

"दिली होती. मरताना राज्याचे तीन भाग केले. पण धाकट्या दोघांना थोरल्याच्या हुकमात ठेवलं."

"हुकमात?"

"असं लिहिलंय."

किसनराव बराच वेळ नोटेतल्या थोरल्याकडे बघत बसले. कोणता थोरला ते चित्रात कळत नव्हतं, पण त्यांनी एक धरून घेतला. मग ते उठले.

"मास्तर, मोळीत काई चूक नाई," ते म्हणाले. "हुकमात चूक हाय."

मोरोपंतांना हे वाक्य कोणत्याही ग्रंथात सापडलं नव्हतं. नोट काही तुम्हाला लागणार नाही, तर माझ्या वहीसाठी द्याल का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. पोराला विचारून सांगतो, असं म्हणून किसनराव दमणीत बसले.

वाटभर त्यांना बाप आठवत राहिला. बापानेही मरताना दोघा भावांना जवळ बोलावलं होतं आणि नत्थुजीला म्हटलं होतं, किसनच्या शब्दाबाहेर जाऊ नको. किसनरावांनी ते फार मनावर घेतलं. पुढची सहा वर्षं नत्थुजीने बैल केव्हा जुंपायचे, बायकोला माहेरी केव्हा धाडायचं, सगळं त्यांनी सांगितलं. नत्थुजी कोर्टात गेला तेव्हा त्यांनी गावभर त्याला कृतघ्न म्हटलं. बावीस वर्षांत आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की नत्थुजीच्या जागी आपण असतो तर सहा वर्षं थांबलो नसतो. एका परक्या राजाच्या चुकीवरून आपली चूक कळावी, याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त नत्थुजीची दया आली.

दमणी त्यांनी घरापुढे न थांबवता भिंतीपलीकडच्या दारात थांबवली. नत्थुजी ओट्यावर बसून खोकत होता. किसनरावांना बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी खोकला कसा आहे ते विचारलं. नत्थुजीने बावीस वर्षांनी भावाकडे नीट पाहिलं. ही दाढी कशाची, म्हणून तो इतका हसला की खोकल्याची पार उबळ आली, आणि त्याच्या बायकोने बाहेर येऊन दोघांनाही पाणी दिलं. पोरांच्या वाटणीला पंच म्हणून ये, असं किसनरावांनी सांगितलं. नत्थुजी पंचा खांद्यावर टाकून लगेच निघाला, कारण पंच व्हायला बोलावलेला माणूस दुसऱ्या दिवशीची वाट बघत नसतो.

अखाजीच्या दोन दिवस आधी वाटणी झाली. रीत जुनीच लावली. थोरल्याने तीन वाटे घालायचे, पण उचलायचं आधी धाकट्याने, मग मधल्याने, आणि उरेल ते थोरल्याचं. ही रीत ज्याने काढली तो कुठल्याही राजापेक्षा हुशार असला पाहिजे. कारण आपल्या वाट्याला काय येणार हे माहीत नसल्यामुळे चंद्रभानने तीन दिवस वावरं अशी मोजली की एका वाट्यात अर्धं पाऊल जास्त गेलं म्हणून पुन्हा सुरुवात केली. बैल, भांडी, ज्वारीची पेवं, सगळं इतकं सारखं पडलं की पंजाबरावला निवडायला काही उरलंच नाही. त्याने डोळे मिटून एक वाटा उचलला. विहीर मात्र विहिरीसारखी राहिली. ती कापता येत नाही. ती सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या लावतात. कोणी कोणाच्या हुकमात नाही, हे किसनरावांनी तीनदा बोलून दाखवलं आणि नत्थुजीने मान हलवून त्याला साक्ष दिली. दुपारपर्यंत सगळं उरकलं, कुणाचा आवाज चढला नाही. किसनरावांना बरं वाटायला हवं होतं, पण इतक्या शांतपणे घर मोडलेलं पाहून त्यांना आतून रितं रितं वाटत होतं.

मग आवराआवर करताना गोदाबाईंनी खुंटीवरची चौकट आणून मधे ठेवली आणि हिचं काय, म्हणून विचारलं.

किसनरावांनी मोरोपंतांकडून ऐकलेलं सगळं स्पष्ट सांगितलं. नोटेची किंमत शून्य. देश बुडाला, राज्य बुडालं, पोरंही भांडली. मास्तरांना वहीत लावायला हवी आहे, देऊन टाकू.

आणि तिथे भांडण पेटलं. भगवंत म्हणाला, लढाईतून आणली मी, ती माझी. पंजाबराव म्हणाला, आधी धाकट्याने उचलायची रीत आत्ताच पाळली ना, मग मी उचलतो. चंद्रभान म्हणाला, थोरला म्हणून आजवर काही मागितलं नाही, ही नोट मी सोडणार नाही. पन्नास एकर वाटताना ज्यांचा आवाज चढला नाही, ते तिघं चौकटीचे तीन कोपरे धरून असे ओरडले की गल्लीतली माणसं कुडावरून डोकावू लागली. सुना बाहेर आल्या. नत्थुजीने पंच म्हणून दोनदा हात वर केला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"कागद हाय तो," किसनराव शेवटी म्हणाले. "त्याचा एक पैसा येत नाई. मंग काहून भांडून राह्यले तुमी?"

 पंजाबराव जमिनीकडे बघू लागला. भगवंतने कोपरा सोडला नाही. शेवटी चंद्रभानच बोलला, तेही बापाकडे न बघता.

"तो तुमच्यासारका दिसते," तो म्हणाला.

किसनरावांचा हात दाढीकडे गेला. गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. 

निकाल नत्थुजीने दिला. कापता येत नाही ते सामाईक. नोटेला विहिरीसारखी पाळी लागेल, अखाजी ते अखाजी, एकेका घरी एकेक वर्ष. दर अखाजीला तिघांनी बायकामुलांसह इथे यायचं, जेवायचं आणि पंचांसमोर नोट पुढच्याला द्यायची. पहिलं साल धाकट्याचं. मोरोपंतांना नोट मिळणार नाही असं कळवायचं ठरलं, आणि त्यांचं मन राखायला म्हणून तेल्हाऱ्याच्या पत्राला घेतलेलं एक आण्याचं तिकीट त्यांच्याकडे धाडायचं ठरलं.

अखाजीच्या दिवशी पुरणपोळ्या करून झाल्यावर चंद्रभानने चौकट हातात घेतली. पंजाबरावला देण्याआधी तो ती उन्हाला घेऊन गेला, मागूनपुढून बघितली, काचेवरचा डाग फडक्याने पुसला आणि नोटेचा कोणता कोपरा कुठे दुमडला आहे ते भगवंतला साक्षीला ठेवून बारकाईने पाहून ठेवलं. पुढच्या वर्षी आल्यावर एकही नवी घडी दिसली तर गय करणार नाही, असं त्याने धाकट्याला बजावलं. मग त्याने पंजाबरावला ताटावर बसवलं आणि त्याच्या पोळीवर स्वतः तूप वाढलं.